इंग्लंडमधला मॉरिस नाच आणि तिथले वन्यजीव कॅमेऱ्यात टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. सुट्टीच्या दिवशी एक तर घुंगरांच्या मागे असतो, नाहीतर हरणांच्या. फोटो पाहून लोक तेच ते प्रश्न पाठवतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला की तिथला क्रमांक दिला आहे.

१. मॉरिस म्हणजे नक्की काय? आपल्या लेझीमसारखं काही आहे का?

गावकऱ्यांनी गावात नाचायचा नाच, एवढ्यापुरतं साम्य आहे. पिंढरीवर घुंगरांच्या पट्ट्या, हातात पांढरे रुमाल किंवा काठ्या, सहसा सहा जण, तीन-तीनच्या दोन समोरासमोर रांगांत, आणि बाजूला मेलोडियन, कॉन्सर्टिना (दोन्ही हातात धरून वाजवायच्या छोट्या पेट्या) किंवा फिडल (व्हायोलिन) वाजवणारा. जुनी नोंद १४४८ सालची आहे: लंडनच्या सोनारांच्या संघटनेने मॉरिस नाचणाऱ्यांना ७ शिलिंग दिल्याची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा नाच बऱ्याच गावांतून जवळपास संपला होता. २६ डिसेंबर १८९९ ला सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीच्या मंडळींना नाचताना पाहिलं, त्यांचा कॉन्सर्टिनावादक विल्यम किंबर याच्याकडून सुरावटी उतरवून घेतल्या आणि पुढे गावोगाव फिरून नाच टिपून ठेवले. आज दिसणाऱ्या मॉरिसपैकी बराचसा या पुनरुज्जीवनातून आलेला आहे. नाचणारे शिक्षक, प्लंबर, निवृत्त बँकवाले असे असतात, व्यावसायिक कलाकार नव्हेत. फोटो काढताना हे लक्षात ठेवलं की वागणं आपोआप सुधारतं.

२. तुमच्या फोटोंत कधी पांढरे कपडे असतात, कधी चिंध्यांचे कोट, कधी तलवारी. हे सगळं मॉरिसच का?

ढोबळमानाने हो, पण घराणी वेगळी. पांढरे कपडे, रुमाल आणि उंच उड्या म्हणजे कॉट्सवोल्ड. चिंध्यांचे कोट, रंगवलेले चेहरे आणि काठ्यांची दणादण म्हणजे वेल्सच्या सीमेलगतचा बॉर्डर. लँकेशर-चेशरकडचा नॉर्थ वेस्ट हा मिरवणुकीचा नाच, त्यात पायांत लाकडी तळव्याचे क्लॉग असतात. ईस्ट अँग्लियातला मॉली हिवाळ्यात, जानेवारीतल्या नांगराच्या सोमवारच्या (प्लाऊ मंडे) आसपास दिसतो. तलवारींचे दोन प्रकार आहेत. यॉर्कशरचा लाँगसोर्ड ताठ पात्यांचा. नॉर्थंबरलंड-डरहॅमच्या खाणकामगारांचा रॅपर लवचीक पोलादी पट्ट्यांचा, पाच जणांचा आणि डोळ्यांना झेपणार नाही इतका वेगवान. दांडपट्टा मात्र मनात आणू नका, इथे कोणी कोणावर वार करत नाही.

३. हे बघायला कुठे आणि कधी जायचं? तिकीट असतं का?

बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. नाच रस्त्यात किंवा पबच्या अंगणात असतो. टोपी फिरते, तिच्यात नाणी टाकायची.

वर्षाची गणती १ मे पासून सुरू करा. ऑक्सफर्डला त्या दिवशी सकाळी ६ वाजता मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो आणि मग गल्ल्यांतून मॉरिस सुरू होतो. (स्पेलिंग बघून ‘मॅग्डालेन’ म्हणालात तर कोणी हसणार नाही, पण दुरुस्त नक्की करेल.) मे अखेरच्या बँक हॉलिडेच्या सोमवारी ऑक्सफर्डशरमधल्या बॅम्प्टन गावात दिवसभर घराघरांच्या बागांत नाच चालतो, माझ्या मते पहिल्यांदा बघायला याहून चांगली जागा नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला डेव्हनमध्ये सिडमथचा महोत्सव असतो, १९५५ पासूनचा. २६ डिसेंबरला शेफील्डच्या बाजूला ग्रेनोसाइड आणि हँड्सवर्थचे लाँगसोर्ड. जानेवारीत केंब्रिजशरच्या व्हिटल्सीमध्ये पेंढ्याचं अस्वल नाचतं. शिमग्याचा संकासूर पाहिलेल्या माणसाला त्या अस्वलापुढे घरी आल्यासारखं वाटेल.

मोठ्या तारखा जमत नसतील तरी चालेल. मे ते ऑगस्ट या काळात बऱ्याच साइड आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी जवळच्या पबबाहेर नाचतात. (नाचणाऱ्या मंडळाला ‘साइड’ म्हणतात.) गर्दी नसते, ऊन तिरपं असतं आणि जूनमध्ये नऊपर्यंत उजेड राहतो.

४. कोणती लेन्स घेऊ? मोबाइलवर भागेल का?

नाचासाठी २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्स पुरेशा आहेत. एकच न्यायची तर २४-७०, कारण लोक जवळ असतात आणि मागचं गाव फोटोत यायला हवं. गाव गेलं की फोटो स्नेहसंमेलनाचा वाटतो. मोबाइलही चालतो, पण उजेडात आणि अगदी पुढे उभं राहून. वन्यजीवांसाठी मोबाइल विसरा. तिथे किमान ४०० मिलिमीटर हवी; १००-४०० किंवा १५०-६०० घ्या.

५. उड्या आणि काठ्या हललेल्या येतात. शटर किती ठेवू?

काठीवर काठी आदळताना किंवा उडी वर असताना १/१०००. पायाच्या घुंगरांसाठीही तेवढंच. मुद्दाम हललेलं हवं असेल तर १/१५ ते १/३०. मग रुमालांचे धुरासारखे पट्टे उमटतात आणि चेहरा एखाद-दुसऱ्या चौकटीत स्थिर मिळतो. मधल्या १/१२५ ला मात्र काहीच साधत नाही, तो फोटो नुसता चुकल्यासारखा दिसतो. उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/२००० च्या खाली जाऊ नका.

६. रुमाल आणि सदरे पांढरेफटक जळून जातात. काय चुकतंय?

पहिल्या वर्षीचे माझे सगळे रुमाल असेच गेले. मागे काळपट झाडं किंवा दगडी भिंत असते, कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) ती उजळ करायला जातो आणि छोटासा पांढरा रुमाल जळून जातो. एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप कमी करा आणि रॉमध्ये काढा.

पांढरं सगळी चौकट भरून असेल तेव्हा गणित उलटं होतं. सीलचं पांढरं पिल्लू भरून घेतलं की मीटर त्याला करडं करतो, तिथे एक्स्पोजर वाढवावं लागतं (प्रश्न १३). पफिन या समुद्रपक्ष्याची छाती पांढरी आणि पाठ काळी असते. ढगाळ दिवस निवडणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

७. मी बर्स्टमध्ये शेकडो फोटो काढतो, तरी नेमका क्षण हुकतो.

कारण बोट नाचतंय आणि कान बंद आहेत. कॉट्सवोल्ड नाचाची बांधणी बहुतेक ठरलेली असते. आधी वादक सुरावट एकदा नुसती वाजवतो, कोणी हलत नाही. तेवढ्यात चेहऱ्यांचे फोटो घ्या, सगळे त्या वेळी श्वास रोखून असतात. मग एक आकृती, एक ध्रुवपद, दुसरी आकृती, पुन्हा तेच ध्रुवपद. काठ्या आदळतात त्या ध्रुवपदात, आणि ते चार-पाच वेळा येतं. पहिल्यांदा नुसतं बघा, कोणत्या ठेक्याला काठी वर जाते ते मोजा. दुसऱ्यांदा एकच फोटो घ्या.

आकृत्यांमध्ये ‘हे’ नावाची एक असते. तीन-तीन जण एकमेकांना वळसे घालत जागा बदलतात. गोफ विणताना पाहिला असेल तर दोऱ्या काढून टाकलेला गोफ डोळ्यांपुढे आणा. ती समोरून काढली तर नुसता गोंधळ दिसतो, रांगेच्या टोकाला उभं राहून काढली तर वीण दिसते. वादक अचानक लय अर्ध्यावर आणतो तेव्हा मोठ्या उड्या येणार असतात. खाली बसा, आकाश पाठीमागे घ्या, बाकीचं नाचणारे करतील.

प्राण्यांचंही असंच आहे. नर हरीण डरकाळी फोडण्याआधी मान पुढे ताणतं. बगळा उडण्याआधी बऱ्याचदा शिटतो. हे काही सुंदर ज्ञान नव्हे, पण उपयोगी आहे.

८. पबमध्ये रॅपर नाचतात, तिथे अंधारच अंधार. फ्लॅश चालेल का?

नको. पाच माणसं हातभर अंतरात पोलादी पट्ट्यांखालून उलटसुलट फिरत असतात, त्यांच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं धोक्याचं आहे. आयएसओ ३२०० ते ६४०० ठेवा, लेन्स उघडी ठेवा आणि दाणे स्वीकारा. इथली वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिव्यांचे पट्टे आले तर १/१०० करून बघा किंवा कॅमेऱ्यातली फ्लिकरविरोधी सोय चालू करा. भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि २४ मिलिमीटर लावा. शेवटी पाचही तलवारी एकमेकींत अडकून तारा होतो आणि एक जण तो डोक्यावर धरतो. हाच नाचातला एकमेव स्थिर क्षण, तो चुकवू नका. कोणाचा ग्लास आपल्या धक्क्याने सांडला तर भरून देणं हा इथला अलिखित नियम आहे. मला तो महागात पडलेला आहे.

९. ॲबट्स ब्रॉम्लीच्या शिंगांच्या नाचाबद्दल सविस्तर सांगाल?

सांगतो, कारण माझ्या दोन्ही नादांची गाठ इथेच पडते. स्टॅफर्डशरमधल्या या गावात वर्षातून एक दिवस रेनडिअरच्या शिंगांच्या सहा जोड्या घेऊन नाच होतो. ४ सप्टेंबरनंतरचा पहिला रविवार धरायचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. म्हणजे तारीख ६ ते १२ सप्टेंबरच्या मध्ये कुठेतरी पडते. कार्बन चाचणीत ही शिंगं अकराव्या शतकातली निघाली. इंग्लंडमध्ये तेव्हा रानटी रेनडिअर नव्हते, म्हणजे ती बाहेरून आली असणार. वर्षभर ती चर्चमध्ये टांगलेली असतात. सगळ्यात जड जोडी अकरा किलोच्या वर आहे.

सकाळी आठच्या सुमारास शिंगं चर्चमधून निघतात आणि शेतं, फार्महाउस, ब्लिथफील्ड हॉल करत संध्याकाळी परत येतात. दिवसाची चाल पंधरा-सोळा किलोमीटरची. सहा शिंगवाले, विदूषक, लाकडी घोडा, धनुष्य घेतलेला मुलगा, पुरुषाने साकारलेली मेड मॅरियन (रॉबिन हूडच्या गोष्टींतली नायिका) आणि वादक असा सगळा ताफा असतो.

फोटोच्या दृष्टीने तीन गोष्टी सांगतो. मुख्य चौकात दुपारी गर्दी होते आणि मागे मोटारी येतात. सकाळच्या शेतांतल्या थांब्यांना या. नाचात तीन-तीनच्या रांगा समोरासमोर येतात, शिंगं खाली झुकवून जणू भिडायला जातात आणि मागे सरतात. भिडण्याच्या अलीकडचा क्षण घ्या, शिंगं एकमेकांत मिसळली की कोणाचं काय ते कळत नाही. आणि चालताना काढा. एकामागून एक चाललेली शिंगं कुंपणावरून दिसतात, माणसं दिसत नाहीत, तो फोटो मला नाचापेक्षा जास्त आवडतो. वारकऱ्यांबरोबर चाललेल्यांना सांगायला नको: मुक्कामापेक्षा वाट जास्त देते.

थोड्याच अंतरावर कॅनक चेस आहे, तिथे रानात फॅलो हरणं आहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या माजाचा काळ येतो. महिनाभराच्या अंतराने शिंगांना शिंगं भिडलेली पुन्हा पाहता येतात, या वेळी खरीखुरी.

१०. नाचणाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते का? मुलांच्या फोटोंचं काय?

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला इथे कायद्याची आडकाठी नाही. पबचं अंगण किंवा कोणाची बाग खाजगी असते, तिथे मालकाचा शब्द चालतो. तरीही साइडच्या ‘बॅगमन’ला शोधून दोन शब्द बोला. हा त्यांचा चिटणीस (बाईसुद्धा असू शकते). नाचाची निवड ‘स्क्वायर’ करतो, तालीम ‘फोरमन’ घेतो. नंतर बॅगमनला चांगले दहा फोटो पाठवले की पुढच्या वर्षी तुमच्यासाठी जागा राखलेली असते.

मुलं नाचत असतील तर आई-वडिलांना विचारा, आणि फोटोखाली नाव किंवा शाळा टाकू नका. विक्रीचा प्रश्न वेगळा आहे, तो १६ मध्ये.

११. जुन्या फोटोंत बॉर्डर नाचणाऱ्यांचे चेहरे काळे दिसतात. असे फोटो टाकावेत का?

काळ्या रंगामागे ओळख लपवण्याची जुनी रीत होती असं नाचणारे सांगत. विरोधकांना त्यात कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या रंगभूमीची सावली दिसत होती, आणि ती नव्हतीच असं म्हणणं कठीण आहे. जुलै २०२० मध्ये मॉरिसच्या तिन्ही संघटनांनी पूर्ण काळा चेहरा रंगवणं थांबवायचं जाहीर केलं. आता निळे, हिरवे, जांभळे चेहरे दिसतात आणि खरं सांगायचं तर फोटोत ते जास्त खुलतात. लँकेशरमधल्या बेकपचे कोकोनट नर्तक या निर्णयाला मान्यता न देता वेगळे झाले.

जुना फोटो टाकायचाच तर साल लिहा आणि ही गोष्टही लिहा. नुसता ‘रंगीत परंपरा’ म्हणून टाकू नका.

१२. वन्यजीवांची सुरुवात कुठून करू? लंडनबाहेर जायला गाडी नाही.

रिचमंड पार्क. १६३७ मध्ये पहिल्या चार्ल्सने कुंपण घातलेल्या या बागेत आज सहाशेच्या वर तांबडी आणि फॅलो हरणं मोकळी फिरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या धुकट सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा, हरणाच्या तोंडातली वाफ उजळून निघते. अंतर किमान ५० मीटर ठेवा. माजावरच्या नराला आणि मे ते जुलैमध्ये पिल्लू लपवलेल्या आईला तुमच्या लेन्सचं कौतुक नसतं. हरीण आपल्याकडे टक लावून बघतंय म्हणजे छान पोझ देतंय असं नव्हे. आपण जास्त जवळ आलोय.

ऑक्सफर्ड-रीडिंगकडे राहत असाल तर मान वर करा. चिल्टर्न टेकड्यांवर १९८९ पासून स्पेनहून आणलेल्या तांबड्या घारी सोडल्या गेल्या आणि आता त्या हमरस्त्यावरही घिरट्या घालतात.

१३. पफिन आणि सील नक्की केव्हा?

पफिन एप्रिलपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. चोचीत मासोळ्या धरलेला फोटो हवा तर जून ते जुलैचा पहिला पंधरवडा. नॉर्थंबरलंडच्या फार्न बेटांवर सीहाउसेसहून होडी जाते. आर्क्टिक कुररी डोक्यावर चोच मारतात, टोपी घाला. पायवाट सोडू नका, जमिनीखाली बिळं असतात आणि पाय आत गेला की पिल्लू चिरडतं. रेल्वेने जाणाऱ्यांना यॉर्कशरचं बेम्प्टन सोपं. स्थानकावरून चालत जाता येतं, पफिन थोडे दूर दिसतात, पण गॅनेट पक्षी कड्याच्या तोंडाशी डोळ्यांच्या उंचीवर तरंगतात.

करडे सील नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लिंकनशरच्या डॉना नूकला व्यायला येतात. तिथे कुंपण आहे आणि आई-पिल्लू कधीकधी कुंपणाला टेकून झोपलेली असतात, लांब लेन्ससुद्धा लागत नाही. कुंपणापलीकडच्या वाळूवर जायचं नाही. तिथे हवाई दलाचा बाँबफेकीच्या सरावाचा पट्टा आहे, आणि तो नसता तरी माणसं मध्ये आली की आई पिल्लाला टाकून जाऊ शकते. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत अंधारतं, सकाळी लवकर पोहोचा.

१४. घराजवळ खंड्याचं घरटं आहे. लांबून फोटो काढला तर चालेल ना?

इथला खंड्या, गव्हाणी घुबड, बहिरी ससाणा असे बरेच पक्षी १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. घरट्यापाशी किंवा घरट्यात असताना त्यांना जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने त्रास देणं हा गुन्हा आहे. ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब बेपर्वाईत मोडू शकते. घरट्यावरच्या छायाचित्रणाला नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचा परवाना लागतो. त्यापेक्षा घरट्यापासून बराच लांबचा, पक्षी शिकारीला बसतो तो ओंडका शोधा.

इतर पक्ष्यांना हे कलम नाही, पण पिल्लांना भरवायला येणारा पक्षी तुम्हाला पाहून फांदीवर थांबून राहिला तर निघायची वेळ झाली.

१५. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून जवळ बोलावू का? ड्रोनने वरून नाच काढू का?

विणीच्या हंगामात आवाज वाजवू नका. नर हद्द राखायला धावत येतो, घरटं उघडं पडतं. परिशिष्टातल्या पक्ष्याबाबत ते थेट प्रश्न १४ मध्ये जातं.

ड्रोन: गर्दीवर उडवायला मनाई आहे, सील आणि समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीवर उडवणं क्रूर आहे. शिवाय मॉरिस वरून टोप्यांचा नाच दिसतो.

१६. हे फोटो विकता येतील का?

सार्वजनिक जागेतला नाच बातमीसाठी किंवा लेखासाठी देता येतो. जाहिरातीत ओळखू येणारा चेहरा वापरायचा तर त्या माणसाची लेखी संमती घ्या. रॉयल पार्क्स (म्हणजे रिचमंडसुद्धा) आणि फार्न बेटं सांभाळणारा नॅशनल ट्रस्ट यांच्या हद्दीत व्यावसायिक छायाचित्रणाला आधी परवानगी लागते.

१७. आम्ही जूनमध्ये महिनाभर मुलाकडे रीडिंगला येतोय. एकाच मुक्कामात दोन्ही जमेल का?

आरामात. आल्या आठवड्यात जवळच्या साइडचं उन्हाळी वेळापत्रक शोधून एक संध्याकाळ पबबाहेर काढा. दुसऱ्या आठवड्यात चिल्टर्नच्या घारी. तिसऱ्या आठवड्यात दोन रात्रींचा यॉर्कशरचा फेरा: एक दिवस बेम्प्टन, दुसरा राखीव, कारण धुकं कडा गिळून टाकतं. मे अखेरीस यायला जमलं तर तिकीट अलीकडे घ्या आणि बॅम्प्टन गाठा (प्रश्न ३). सकाळ साधायची तर मुक्काम जागेजवळच हवा: जूनमध्ये पावणेपाचला सूर्य उगवतो, तेव्हा पहिली गाडीही निघालेली नसते.

१८. पाऊस आला तर नाच रद्द होतो का?

क्वचितच. रिमझिमीत नाचतात, जोर वाढला की पबच्या छपराखाली सरकतात. काठ्यांचे नाच ओल्यातही चालतात, रुमाल जड झाले की ते खिशात जातात. कॅमेऱ्यासाठी स्वयंपाकघरातली मोठी प्लॅस्टिक पिशवी आणि रबरबँड पुरे. पाऊस थांबल्यावर लगेच निघू नका. नॉर्थ वेस्टवाले ओल्या फरसबंद रस्त्यावर क्लॉग आपटत येतात तेव्हा प्रत्येक पावलाला पाणी उडतं. १/१००० ठेवा, मागून ऊन घ्या आणि कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवा.